हळदीच्या शेडात वाळत घातलेली जीप

अस्तर

रंग वाळायची वाट बघत बसणं हे डोकं न चालणाऱ्या माणसांचं काम आहे, असं धम्मानंदचं ठाम मत होतं. कुरुंद्याच्या स्टँडसमोरच्या त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जो येईल त्याला तो हे ऐकवायचा. गिऱ्हाईक आलेलं असायचं चार्जिंगची तक्रार घेऊन, पण ऐकून जायचं रंगाबद्दल.

वाट बघणं त्याच्या अंगातच नव्हतं. शिट्टी झाली की कुकर नळाखाली. शर्ट अर्धा ओला असताना अंगात, आणि मोटारसायकलवर बसलं की उरलेलं काम वारा करतो. त्याची आई कमलबाई म्हणायची की हे पोरगं पोटात सुद्धा नऊ महिने कसंबसं थांबलं, आठव्यातच लाथा मारून विचारत होतं, झालं का म्हणून.

आणि अशा माणसाला छंद कोणता असावा? छोट्या गाड्या-विमानांचे किट जोडायचा. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले नखाएवढे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या गाडीची तळहातावर मावणारी हुबेहूब प्रत तयार. जोडण्यात त्याचा हात देवाघरचा होता. मोबाईलच्या पोटातले मुंगीएवढे स्क्रू उचलणाऱ्याला काय अवघड? अडायचं ते फक्त रंगाशी. रंग वाळायला वेळ घ्यायचा, आणि धम्मानंद द्यायचा नाही.

या छंदापायी त्याचं लग्न अडलं होतं. पहिल्या स्थळाची माणसं घर बघायला आली, त्यांनी काचेच्या कपाटातले रणगाडे, विमानं, रोड रोलर बघितले आणि दबक्या आवाजात विचारलं, हे लेकरू कुणाचं? म्हणजे घरात आधीचं एखादं लेकरू आहे आणि आपल्यापासून लपवलंय, असा त्यांचा समज झाला. लेकरू नाही, ही खेळणी पोराचीच आहेत, असं कमलबाईनं सांगितल्यावर तर ती माणसं चहा न घेताच उठली. दुसऱ्या स्थळापर्यंत ही बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. ते आलेच नाहीत.

पहिला हात

तिसरं स्थळ वारंगा फाट्याचं. मुलगी प्रियदर्शनी, तिथल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. धम्मानंदनं तिला आधीच एकदा बघितलेलं होतं. तिचा फोन पाण्यात पडला होता, ती दुकानात आली आणि फोन त्याच्या हातात पडायच्या आत म्हणाली, "किती वेळ लागंल?" फोन उघडेपर्यंत तिनं हेच आणखी दोनदा विचारलं. धम्मानंदच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या वेगानं बोललं होतं. फोन दुरुस्त झाला, तो मात्र त्या दिवसापासून बिघडला.

अडचण होती तिच्या वडिलांची. कोंडीबा पाटबंधारे खात्याचे निवृत्त ड्रायव्हर. अख्खी नोकरी त्यांनी एका पांढऱ्या जीपवर काढली आणि तिला कधी ओरखडा उमटू दिला नाही. कारण एकच, ते कधी घाई करायचे नाहीत. साहेब मागं बसून मीटिंग, मीटिंग म्हणून ओरडत असले तरी काटा चाळीसच्या पुढं जायचा नाही. प्रियदर्शनीला आधी बघायला आलेल्या एका मुलानं फाट्यावर, त्यांच्या घरासमोर, उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक केलं. कोंडीबांनी ते ओट्यावरून बघितलं आणि जागेवरच नकार दिला. असा माणूस संसाराला बी ओव्हरटेक करंल, म्हणाले.

ही सगळी माहिती सटवाजीमामांनी, म्हणजे धम्मानंदच्या मामांनी, काढलेली. स्थळही त्यांनीच आणलं होतं. सोबत फोनमध्ये एक फोटोही होता. धरणाच्या भिंतीवर कोंडीबा त्या जीपला टेकून उभे. तो बघताक्षणी धम्मानंदच्या डोक्यात दिवा लागला. ज्या खेळण्यांनी दोन स्थळं मोडली, त्यांच्यातलंच एक हे स्थळ जुळवणार. तीच जीप, तोच पांढरा रंग, तळहातावर मावणारी, कोंडीबांच्या हातात. कुठला बाप नाही म्हणेल?

किट मागवलं, जोडलं. फोटो मोठा करकरून त्यानं पुढच्या पाटीवरचा नंबरही उतरवला. रविवारी चार वाजता बघायला जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी फक्त रंग राहिला.

किटसोबतची पांढऱ्या रंगाची इवलीशी बाटली टपापाशी येऊन संपली. दुसरी मागवायची तर आठवडा. धम्मानंदनं शेजारच्या हार्डवेअरमधून लोखंडी गेटला मारायचा पांढरा ऑइलपेंट आणला आणि शनिवारी झोपायच्या आधी एक हात दिला.

सकाळी बघितलं तर रंग बोटाला अजून चिकट लागत होता. वर तो पुरेसा पांढराही वाटेना.

दुसरा हात

म्हणून दुसरा दिला. चांगला जाड.

डब्यावर लिहिलेलं

*पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. प्रत्येक हातास एक दिवस द्यावा. वाळेपर्यंत धुळीपासून जपावे.*

तिसरा हात

दिला नाही. वेळच नव्हता.

वाळवणं

पहिला उपाय दुकानातलाच होता. मोबाईलमधले चिप उखडायला गरम हवेची बंदूक असते. तिच्या हवेनं शिसं वितळतं, मग रंग म्हणजे किस झाडकी पत्ती. बंदूक सुरू केल्यावर पहिल्याच फुंकरीला ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा वितळून धोतऱ्याच्या पानासारखा खाली लोंबला. आरसा नवा बसवला. तेवढ्यात लाईट गेली.

कमलबाई दारात उभी राहून बघत होती. लोकांचे भिजलेले फोन तू तांदळात ठेवायला लावतोस, मग ही बी ठेव की, असं तिनं सुचवलं. ओल्या रंगाला तांदूळ चिकटतील, असं धम्मानंदनं चिडून सांगितलं. तर ती म्हणाली, बरंच की, अक्षता आयत्याच पडतील.

अकरा वाजत आले होते. आता आठवला ओमप्रकाश.

ओमप्रकाश हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तांड्यावरचा. यंदा त्यानं हळद वाळवायचं शेड उभं केलं होतं. जाड प्लास्टिकच्या कागदाचं लांबट शेड, आत ऊन कोंडून राहतं, आणि एका टोकाचा सौर पंखा बाहेरची हवा आत ढकलत राहतो. लाईट असो नसो, काही फरक नाही. शिजवलेली हळद अंगणात पसरून लोक दोन-तीन आठवडे आभाळाकडं बघत बसतात. ओमप्रकाशची तेवढ्यात वाळून पॉलिशलाही जायची.

"क्विंटलनं हळद वाळवून राहिलो मी," तो म्हणाला, "तुझी ही वीतभर गाडी काय घेऊन बसला?"

शेड कालच रिकामं केलेलं, झाडून काढलेलं. दोघांनी जीप दोऱ्यानं मधोमध टांगली, अशी की कुठंच काही टेकणार नाही. आत जीव गुदमरेल असा उकाडा. धम्मानंदला तो स्वर्गासारखा वाटला. दार ओढून घेऊन दोघं पुढच्या लिंबाखाली चहा प्यायला बसले. तिथून त्यानं सटवाजीमामांना फोन करून काम झाल्याचं कळवूनही टाकलं.

मागून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला. धम्मानंदला वाटलं, कुणाचंतरी काही काम चाललं असेल. थोड्या वेळानं पंख्याकडं बघत तो खूश होऊन म्हणाला की हवा कशी जोरात येऊन राहिली बघ.

मागं ओमप्रकाशचे वडील पेमा होते. कालची वाळलेली हळद पॉलिश करायला त्यांनी ढोल लावला होता. हा ढोल जाळीदार लोखंडी असतो. आत वाळकी हळकुंडं भरायची आणि ट्रॅक्टरवर गरागरा फिरवायची, म्हणजे वरचं साल घासून निघतं आणि हळकुंड चकचकीत होतं. निघालेलं साल पिवळ्या धुराळ्यासारखं उडतं. आणि ढोल उभा होता पंख्याच्या तोंडाशी.

चहा संपवून त्यांनी शेडचं दार उघडलं. कागद पिवळा, दोरा पिवळा, मधोमध लटकणारी जीप वरणात बुडवून काढल्यासारखी. काचा तेवढ्या धम्मानंदनं चिकटपट्टीनं झाकल्या होत्या, त्या स्वच्छ होत्या.

पेमांना बोलावलं. ते कपाळाचा पिवळा घाम पुसत आले, जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आत गाडी वाळू घातली हे मला काय सपान पडणार व्हय? लोक हळद वाळू घालतेत."



धुणं

फडक्यानं पुसलं. हळद निघाली नाही, रंगात आणखी रुतली. आणि मग धम्मानंदनं ते केलं, जे कुरुंद्यात जन्मलेल्या माणसानं करायला नको होतं. तो नळावर पळाला, बादलीत धुण्याची पावडर खळखळली आणि जीप आत बुचकळली.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. इथं हे रांगणारं लेकरूही जाणतं. धम्मानंदलाही माहीत होतं. हळदीच्या दिवसांत आईच्या लुगड्यावर हे लाल डाग त्यानं हजारदा बघितले होते. पण त्याला ते आठवलं जीप बादलीतून वर आल्यावर. तोवर ती कुंकवाच्या करंड्यासारखी लाल झाली होती.

ओमप्रकाशनं झाडाचं लिंबू तोडून आणलं. लिंबू चोळताच लाल गेलं आणि पिवळं परत आलं. दोघांना वाटलं आता निघतंय, म्हणून पुन्हा साबण लावला, तर पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळं. काही जागी दोन्ही रंग एकदम, टपावर तर चट्टेपट्टे.

"आता एवढंच ठरव," ओमप्रकाश शांतपणे म्हणाला, "कोणच्या रंगाची न्यायची."

तेवढ्यात कमलबाईला घेऊन मामांची गाडी शेडापाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. धम्मानंदनं जीप जुन्या पेपरात गुंडाळली, बुटांच्या खोक्यात कोंबली आणि ओला शर्ट अंगात घातला. ही गाडी कुणालाही दाखवायची नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. खोकं सोबत घेतलं, कारण मामांना काम झाल्याचं आधीच कळवलेलं; आणि ते मांडीवर धरलं, कारण कमलबाईच्या हाती लागलं तर ती उघडून बघणार आणि रस्ताभर बोलणार.

दाखवणं

मामांनी कोंडीबांचा धसका घेतलेला. वारंग्याच्या वाटेवर एक उसाची ट्रॉली पुढं लागली, तर मामा फाट्यापर्यंत तिच्या मागंच राहिले. ट्रॉली वाटेत चहाला थांबली, तेव्हा मामाही थांबले. चारचे पाच वाजले. एवढ्या वेळात निदान वरचा रंग तरी कडक झाला असता, हे धम्मानंदला जाणवत होतं.

कोंडीबा ओट्यावरच उभे होते. खाकी शर्ट, वरची गुंडी लावलेली. उशीर काहून झाला, एवढंच त्यांनी विचारलं. मामांनी सांगितलं की ट्रॉली होती पुढं, ओव्हरटेक करायचं जिवावर आलं. कोंडीबांच्या मिशीखाली पहिल्यांदा काहीतरी हललं. बसा म्हणाले.

गप्पा पाऊस, हळद आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांवरून फिरून आल्या, मग प्रियदर्शनी चहा घेऊन आली. ट्रे धम्मानंदपुढं धरला तेव्हा त्याला दिसलं की तिच्या अंगठ्याचं नखपॉलिश फिसकटलंय. त्यावर ओढणीच्या कापडाची बारीक जाळी उमटलेली होती. आत्ताच लावलेलं, वाळायच्या आत ट्रे उचललेला. ती त्याच्या नजरेकडं बघून अंगठा ट्रेखाली लपवायला गेली, तर चहा हिंदकळला.

सगळं एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण मामा गप्प बसणारे नव्हते. पोरानं तुमच्यासाठी स्वतःच्या हातानं एक चीज केलीय, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. धम्मानंद म्हणाला की ते अजून पूर्ण झालेलं नाही. मामा म्हणाले, लाजतोय. खोकं त्यांनी स्वतःच ओढून उघडलं.

पेपर निघेना. तो ओल्या रंगाला चिकटला होता. मामांनी ओढला तेव्हा टपावर एक तुकडा तसाच राहिला, वसमत बाजाराच्या भावाचा. लाल-पिवळी, चट्ट्यापट्ट्यांची जीप त्या तुकड्यासकट चहाच्या कपांमध्ये येऊन उभी राहिली. ओटाभर हळदीचा वास सुटला.

मग मामांनी घसा साफ केला आणि वेळ सावरायला म्हणून म्हणाले की नवरदेवाच्या आधी गाडीलाच हळद लागली जणू. कुणी हसलं नाही. नाही, एक हसलं. प्रियदर्शनीनं तोंडावर हात धरला, आणि फिसकटलेला अंगठा सगळ्यांना दिसला.

कोंडीबांनी जीप तळहातावर घेतली. फिरवून बघितली. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. ड्रायव्हरच्या दाराला मुठीच्या जागी तारेचा एक वेढा होता, केसाएवढा बारीक.

"ही तार कुणी सांगितली?"

फोटोत दिसली, धम्मानंद म्हणाला. मोबाईलच्या हेडफोनची होती ती, त्यातून एक तंतू काढून वळवला होता.

कोंडीबांनी ती तार नखानं हळूच उचलून बघितली. मूठ धरणाच्या रस्त्यावर तुटली होती, त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले नवी मागवू. ते साहेब बदलले, दुसरे आले, तेही म्हणाले मागवू. लिलावात गेली तेव्हाही दाराला तारच होती. नेणाऱ्यानं विचारलं, दार कसं उघडायचं, तर ते दाखवायला कोंडीबाच गेले होते. सांगता सांगता ते बोटानं मागचं चाक फिरवत होते. चाक फिरत होतं.

कमलबाईनं हळूच धम्मानंदच्या पायाला पाय लावला. जमतंय, असा त्याचा अर्थ.

"रंग असा काहून?" कोंडीबांनी विचारलं.

खोटं सांगायला वेळ लागतो. धम्मानंदकडं तेवढा धीर नव्हता. त्यानं सगळं सांगून टाकलं, गरम हवेची बंदूक, शेड, ढोल, साबण, लिंबू. पेमा काय म्हणाले तेसुद्धा. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"दुसरा हात दिला तवा पहिला वाळला न्हवता?"

"न्हाई."

"डब्यावर लिवलेलं असतंय."

"असतंय."

"वाचलं न्हवतं?"

"वाचलं होतं," धम्मानंद म्हणाला.

कमलबाईनं पाय मागं घेतला. तिसरंही गेलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिनं पदर सावरून पिशवी जवळ ओढली.

कोंडीबांनी जीप खाली ठेवली. "माझी गाडी पांढरी होती," ते म्हणाले. "हळद उन्हाला टिकत न्हाई. गच्चीवर ठेवा. पांढरी झाली की घेऊन या, तवा पुढचं बोलू. मधी कायबी करायचं न्हाई. साबण न्हाई, लिंबू न्हाई, पंखा न्हाई. नुसतं ऊन."

हा नकार होता की होकार, हे ओट्यावर कुणालाच कळलं नाही. मामांनी तो होकार धरला आणि आणखी एक कप चहा मागितला. निघताना धम्मानंद खोकं सांभाळत पायऱ्या उतरत होता, तेव्हा दाराआडून ओळखीचा आवाज आला.

"किती वेळ लागंल?"

आयुष्यभर या प्रश्नाला त्यानं एकच उत्तर दिलं होतं, आत्ता होतंय बघा. आज तो खोकं छातीशी धरून उभा राहिला.

"ऊन पडंल तसं," तो म्हणाला.

ऊन

तेव्हापासून जीप गच्चीवर आहे. धुळीपासून जपावं म्हणून तिच्यावर कमलबाईची लोणच्याची काचेची बरणी उपडी घातलेली आहे. रोज सकाळी धम्मानंद वर जातो, बघतो, आणि हात न लावता खाली येतो. हात न लावता. ओमप्रकाशचा यावर विश्वास बसेना, म्हणून तो एकदा स्वतः येऊन बघून गेला. आधी बॉनेट फिकं झालं, मग दारं. साबणाचा लाल तर पहिल्या काही दिवसांतच गेला. टप तेवढा हटून बसलाय, पेपर निघाला तरी तिथं जाडावर जाड रंग आहे आणि हळद खोल रुतलीय. पण तीही रोज थोडी थोडी उडते. वाट बघताना असं काहीतरी दिसतं, हे धम्मानंदला नवीनच होतं. दुकानात आता तो गिऱ्हाइकाला सांगतो की कशाचीही घाई बरी नाही. गिऱ्हाईक चार्जिंगची तक्रार घेऊन आलेलं असतं.

कमलबाई मात्र दोन दिवसांपासून स्टीलच्या ताटात बघून केस विंचरतेय. भिंतीवरचा आरसा कुठं गेला, असं तिनं दोनदा विचारलं. दुकानातलाही दिसत नाही म्हणाली.

आज सकाळी प्रियदर्शनीचा निरोप आला. रोज एक येतो, कालच्यापेक्षा थोडा लवकर. आजचा असा होता:

"बाबा रोज उठल्या उठल्या विचारून राहिले, झाली का पांढरी. आज मला म्हणले, मी सांगितलं असं सांगू नको, पण इचार, बाजूनं आरसा धरला तर ऊन दुप्पट पडंल का."

धम्मानंदनं ते दोनदा वाचलं. आयुष्यात कधी चाळीसच्या पुढं न गेलेला माणूस. मग त्यानं सावकाश, एकेक अक्षर बघून उत्तर लिहिलं, बाबांना म्हणावं घाई करायची न्हाई, ऊन पडंल तसं होईल.

निरोप पाठवून तो गच्चीवर गेला, आणि परवापासून बरणीच्या दोन्ही बाजूंना उभे केलेले आरसे त्यानं सूर्याच्या अंदाजानं जरासे कलते करून घेतले.